लंकेच्या विहारात मावशींचा प्रश्न



२०२५ च्या माघ पौर्णिमेला आम्ही श्रीलंकेत होतो. आमच्या वसाहतीतल्या चौदा जणांनी तीन वर्षे भिशी घालून हा प्रवास केला. सफाई खात्यातून निवृत्त झालेले दोघे, एक रिक्षावाले, एक अंगणवाडी सेविका, आम्ही कारकून, आमच्या सौ. आणि चार घरची धुणीभांडी करून तीन मुले शिकवलेल्या एक मावशी, अशी ही मंडळी. बहुतेकांनी विमान आतून पहिल्यांदाच पाहिले. परत आल्यापासून जो भेटतो तो विचारतो, काय काय पाहिलेत, काय आणलेत? आणण्यासारखे थोडेच होते. पण मावशींनी तिथे एक प्रश्न विचारला, तो मात्र आमच्याबरोबर घरापर्यंत आला. या खेपेचे सदर त्या प्रश्नासाठीच आहे.

कल्याणी विहार

कोलंबोपासून दहाएक किलोमीटरवर, केलनी नदीच्या काठी केलनिया हे गाव आहे. पालीत त्याचे नाव कल्याणी. मावशी कल्याणच्या. 'म्हणजे मी विमानानं माझ्याच गावाला आले म्हणा की!' असे म्हणून त्या हसल्या. भगवान बुद्ध स्वतः या ठिकाणी आले होते, अशी सिंहली बौद्धांची पूर्वापार श्रद्धा आहे. सोळाव्या शतकात पोर्तुगीजांनी इथला जुना विहार उद्ध्वस्त केला. लोकांनी तो पुन्हा उभा केला. विसाव्या शतकात त्याचा मोठा विस्तार झाला आणि सोलियस मेंडिस या चित्रकाराने त्याच्या भिंती रंगवल्या. सम्राट अशोकाची कन्या संघमित्रा बोधिवृक्षाची फांदी घेऊन लंकेत उतरते, तो प्रसंग तिथे भिंतभर रंगवलेला आहे. आपल्याकडची लेक सासरी जावी तशी ती धम्म घेऊन तिकडे गेली, असे आमच्या सौ. त्या चित्रासमोर म्हणाल्या.

सिंहली लोक विहाराला 'पन्सल' म्हणतात. मूळ शब्द पर्णशाला. पंचशीलाला ते 'पन्सिल' म्हणतात. धातुगर्भ म्हणजे स्तूप, त्याला 'दागब' म्हणतात. म्हणजे शब्द आपलेच, फक्त बोलण्यात झिजलेले. गावोगावच्या पन्सलात बहुधा पारावरचा बोधिवृक्ष, स्तूप, बुद्धमूर्तीचे घर, प्रवचनाची शाळा आणि भिक्खूंचा निवास असतो. अंगणात वाळू पसरलेली. चपला बाहेर, टोपी हातात, अंगात पांढरे कपडे. दर पौर्णिमेला तिथे सरकारी सुटी असते, तिला पोया म्हणतात. त्या दिवशी दारूची दुकाने बंद असतात. माणसे पहाटे विहारात येऊन अष्टशील घेतात आणि दिवसभर तिथेच बसतात. आम्ही गेलो त्या दिवशी हजारो माणसे होती, पण लाऊडस्पीकरची कटकट नाही, रेटारेटी नाही. आपल्या जयंतीच्या मिरवणुकीतला डीजे आठवून आमच्यातले काही जण खाली मान घालून चालले होते.

फुलांचे तबक

आम्ही चौदा जण स्तूपासमोर वाळूत बसलो. त्रिशरण आणि पंचशील म्हणायला सुरुवात केली. बाजूला पांढऱ्या साडीतल्या एक सिंहली आजी बसल्या होत्या. पहिले शब्द कानावर पडताच त्यांनी चमकून आमच्याकडे पाहिले. मग त्यांनी हात जोडले आणि आमच्या आवाजात आवाज मिसळला. त्यांच्या उच्चाराला त्यांचा हेल, आमच्या उच्चाराला आमचा. पण शब्द तेच. शेवटी दोन्ही बाजूंनी 'साधू, साधू, साधू' झाले. या आजींना मराठी येत नव्हते, आमच्या मावशींना सिंहली येत नव्हते आणि इंग्रजी दोघींनाही येत नव्हते. ज्या पालीने त्या दोघींना जोडले, ती पाली याच बेटाने जपली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात, तोवर तोंडपाठ असलेले त्रिपिटक तिथल्या भिक्खूंनी ताडपत्रावर लिहून काढले. ते झाले नसते तर आपण आज कोणते पंचशील म्हटले असते, याचा विचार करावा.

नंतर आजी फुलांचे तबक घेऊन उठल्या. कमळे आणि पांढरा चाफा, देठ काढून नीट मांडलेली. तिथे अर्पण करायचे फूल हुंगत नाहीत. आजींनी ते तबक मावशींच्या पुढे धरले. मावशींना कळेना. त्या मागे सरकल्या. आजींनी पुन्हा पुढे धरले आणि खुणेने सांगितले, हात लाव. तिथे अशी रीत आहे की आपण वाहणार ती फुले शेजारच्यालाही स्पर्श करायला द्यायची, म्हणजे पुण्यात तोही वाटेकरी होतो. आम्ही ते मावशींना समजावले. त्यांनी साडीला हात पुसले, दोन्ही तळवे तबकाला लावले आणि त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागले.

रात्री त्यांनी कारण सांगितले. 'तीस वरसं एका घरी काम केलं. सगळं घर पुसलं. पण देवघरापाशी गेले की बाई म्हणायच्या, ती फुलांची परडी तेवढी राहू दे, तिला हात नको लावूस. आन् हितं वळख ना पाळख, ती म्हातारी मला म्हणते हात लाव.' थोड्या वेळाने त्यांनी विचारले, 'दादा, हितं जात नसंल ना?'

आम्ही काहीच बोललो नाही. आम्हाला उत्तर माहीत होते, पण त्या रात्री ते सांगण्याचा धीर झाला नाही.

विहारात विष्णू?

त्याआधी दिवसा आणखी एक गोष्ट झाली होती. स्तूप आणि बोधिवृक्ष यांना वंदन करून आम्ही आवारात फिरत होतो. एका बाजूला वेगळी देवळे दिसली. तिथे विष्णू होता, कतरगमचा देव होता आणि रामायणातला बिभीषणही होता. लोक फळांची तबके घेऊन रांगेत उभे होते. मावशी तिथेच थांबल्या. त्यांच्या आईने १९५६ साली नागपूरला दीक्षा घेतली, तेव्हा तीन वर्षांच्या मावशी आईच्या कडेवर होत्या. बावीस प्रतिज्ञा त्यांना पाठ आहेत. 'बुद्धाच्या विहारात ह्यो कसा आला?' त्यांनी विचारले.

आम्ही सांगितले ते असे. सिंहली बौद्ध माणूस निर्वाणासाठी बुद्धाकडे जातो आणि नोकरी, आजारपण, परीक्षा, कोर्टकज्जा यासाठी देवाकडे जातो. विष्णू हा लंकेचा आणि बुद्धशासनाचा रक्षक आहे, असे त्याने मानले आहे. कँडीच्या शेवटच्या राजघराण्याची मुळे दक्षिण भारतात होती. तेव्हाही हिंदू रीतिभाती तिकडे रुजल्या. या देवळांतला पुजारी गृहस्थ असतो, भिक्खू नसतो. बुद्धाने कोणत्याही देवाला रक्षक नेमल्याचे आम्ही तरी कुठे वाचलेले नाही.

मग आपण काय करायचे? आम्ही हात जोडले नाहीत. तोंडही वेडेवाकडे केले नाही. दुसऱ्याच्या गावात उभे राहून त्याच्या आजीला शहाणपण शिकवायला आम्ही गेलो नव्हतो. पण तिची चाल आपली करायलाही गेलो नव्हतो. परदेशातल्या विहारात जे जे उभे आहे ते सगळे बुद्धाचेच असते असे नाही. आपली पहिली प्रतिज्ञा मुंबईच्या विमानतळावर ठेवून जाता येत नाही.

कँडी आणि १९५०

दोन दिवसांनी आम्ही रेल्वेने कँडीला गेलो. डोंगराळ गाव, मध्ये तळे आणि तळ्याकाठी दळदा मालिगावा, म्हणजे भगवंताच्या दंतधातूचा विहार. चौथ्या शतकात कलिंगातून, म्हणजे आजच्या ओडिशाकडून, हेममाला नावाच्या राजकन्येने तो धातू केसांत लपवून लंकेत आणला अशी परंपरा आहे. दिवसातून तीन वेळा तिथे पूजा होते. संध्याकाळी ढोल वाजू लागले, दार उघडले आणि रांग पुढे सरकली. दिसतो तो सोन्याचा करंडक. धातू आत असतो. २५ जानेवारी १९९८ रोजी याच दारात बॉम्बने भरलेला ट्रक फोडण्यात आला होता, निष्पाप माणसे मेली होती. २००९ पर्यंत चाललेल्या त्या यादवी युद्धात दोन्ही बाजूंच्या गरिबांची घरे उजाड झाली. बौद्धांचा देश म्हणजे आपोआप करुणेचा देश होत नाही, हेही तिथे उभे राहून मनात आले.

पण आमच्या दृष्टीने कँडीचे महत्त्व आणखी एका कारणाने आहे. २५ मे १९५० रोजी डॉ. मललसेकर यांच्या पुढाकाराने जागतिक बौद्ध भ्रातृत्व संघाची स्थापना याच ठिकाणी झाली आणि त्या परिषदेच्या निमित्ताने परमपूज्य डॉ. बाबासाहेब आंबेडकर लंकेत आले. भारताचे कायदामंत्री असताना ते आले आणि त्यांनी डोळे उघडे ठेवून सर्व पाहिले. विधी कसे होतात, धम्म इथल्या लोकांच्या जगण्यात जिवंत आहे की नुसता देखाव्याला उरला आहे, याची त्यांना पारख करायची होती. पुढे जूनमध्ये कोलंबोला तरुण बौद्धांच्या संस्थेत त्यांनी भारतातील बौद्ध धम्माचा उदय आणि ऱ्हास या विषयावर भाषण केले. १९५४ साली ते रंगूनच्या परिषदेला गेले. दीक्षेनंतर, नोव्हेंबर १९५६ मध्ये काठमांडूला गेले. नागपूरची दीक्षा अशी वर्षानुवर्षे पाहून, तपासून घेतलेली आहे. आणि नवदीक्षितांना बावीस प्रतिज्ञा का दिल्या, याचे उत्तर केलनियाच्या त्या देवळांसमोर आम्हाला जितके स्पष्ट कळले, तितके पुस्तक वाचून कधी कळले नव्हते.

दोन उपाली

मालिगावाच्या समोर, तळ्याच्या पलीकडच्या काठावर मल्वत्त विहार आहे. दुसऱ्या दिवशी तळ्याकाठच्या बाकावर बसून आम्ही मावशींना त्यांच्या प्रश्नाचे उत्तर दिले.

अठराव्या शतकात लंकेत उपसंपदा देऊ शकेल असा संघच उरला नव्हता. तेव्हा १७५३ साली सयामहून, म्हणजे आजच्या थायलंडहून, काही भिक्खू आले आणि त्यांनी कँडीत पुन्हा उपसंपदा सुरू करून दिली. म्हणून त्या संघाला सयाम निकाय म्हणतात. मल्वत्त आणि अस्गिरी हे त्याचे दोन मोठे विहार, आणि दंतधातूची सेवा त्यांच्याकडेच आहे. सयामहून आलेल्या त्या प्रमुख थेरांचे नाव होते उपाली.

नाव ऐकताच मावशी म्हणाल्या, 'आपला उपाली? न्हाव्याचा?'

त्यांना ती गोष्ट विहारातल्या प्रवचनातून माहीत होती. शाक्य राजपुत्र प्रव्रज्या घ्यायला निघाले, तेव्हा त्यांच्याबरोबर त्यांचा न्हावी उपाली होता. भगवंतांनी प्रव्रज्या आधी उपालीला दिली, म्हणजे मागून येणाऱ्या राजपुत्रांना त्याला वंदन करावे लागेल आणि कुळाचा ताठा मोडेल. तोच उपाली पुढे विनयाचा सर्वांत मोठा जाणकार झाला.

आम्ही सांगितले, हे उपाली थेर वेगळे, पण नाव तेच. आणि त्या नावाच्या थेरांनी ज्या संघाला जीवदान दिले, त्याच संघात थोड्याच वर्षांत नियम झाला की उपसंपदा फक्त गोविगम जातीच्या मुलाला. गोविगम म्हणजे जमीन कसणारी, तिकडे वरची मानलेली जात. ती रीत त्या निकायात आजही मोडलेली नाही. ज्यांना नाकारले त्यांत दालचिनी सोलणारे सलागम जातीचे लोक होते. त्यांच्यातले एक श्रामणेर काही सोबत्यांना घेऊन १७९९ साली समुद्र ओलांडून ब्रह्मदेशात गेले, अमरपूर या राजधानीत उपसंपदा घेतली आणि १८०३ साली परत आले. त्यांच्या संघाला अमरपूर निकाय म्हणतात. म्हणजे नाकारलेल्यांनी धम्म सोडला नाही; ते दुसऱ्या दाराने आत आले.

मावशी बराच वेळ तळ्याकडे बघत होत्या. आम्हाला वाटले, तबकाला हात लावल्याचा त्यांचा आनंद आम्ही हिरावून घेतला. मग त्या म्हणाल्या, 'त्या म्हातारीनं मला जात इचारली न्हाई. तेवढं खरं हाय ना?'

'खरं आहे,' आम्ही म्हणालो.

'मग ते मी माझ्यापाशी ठेवते. आन् हे दुसरं बी ठेवते. पर दादा, आपल्यात तरी कुठं पुरती गेली?'

आपल्या घरात

मावशींचा खरा प्रश्न हा. कँडीच्या निकायाबद्दल दोन शब्द लिहून मोकळे होणे सोपे आहे. पण आम्ही परत आल्यावर याच साप्ताहिकाची जुनी अंके काढून वधू-वर पान वाचले. 'बौद्ध' असे लिहून पुढे पोटजात लिहिलेली आहे. कुठे 'आमच्यातलीच हवी' असे आडवळणाने लिहिलेले आहे. मातंग, चर्मकार, भटक्या समाजातून धम्मात आलेल्या कुटुंबांना आपण व्यासपीठावर हार घालतो. मुलगी द्यायची वेळ आली की किती जण मागे सरतात? मल्वत्तच्या दारात जो नियम लिहिलेला नाही पण पाळला जातो, तो आपल्या लग्नाच्या बैठकीतही कुठे लिहिलेला नसतो.

तीच गोष्ट देवांची. केलनियात देवळे निदान उघड्यावर आहेत. आपल्याकडे बाहेरच्या खोलीत बुद्धमूर्ती आणि बाबासाहेबांचा फोटो, आणि स्वयंपाकघरातल्या फळीवर डब्यामागे कुलदैवताचा टाक. मूल आजारी पडले की तो बाहेर येतो. विष्णूचे देऊळ पाहून आम्ही नाक मुरडले नाही त्याचे हे एक कारण होते. ज्याच्या घरात फळी आहे त्याने दुसऱ्याच्या अंगणाबद्दल जपून बोलावे.

त्यांच्याकडून शिकण्यासारखेही पुष्कळ आहे, आणि त्याला पैसा लागत नाही. रविवारी सकाळी कँडीजवळच्या एका लहान विहारात आम्ही धम्मशाळा पाहिली. पांढऱ्या कपड्यांतली मुले इयत्तेप्रमाणे झाडाखाली, पडवीत बसलेली. गावातलेच तरुण-तरुणी विनामूल्य शिकवत होते. पुस्तके ठरलेली, परीक्षा ठरलेली. ही शाळा तिथे गावोगाव दर रविवारी भरते. आपल्या वसाहतीत विहार आहे, त्याला कुलूप आहे आणि किल्ली पदाधिकाऱ्याकडे आहे. जयंती, वर्षावास आणि बैठका सोडल्या तर ते कुलूप किती वेळा निघते, हे ज्याचे त्याने मोजावे. आमच्या मंडळाने ठरवले आहे की दर रविवारी सकाळी दोन तास विहार मुलांसाठी उघडायचा. पहिल्या रविवारी नऊ मुले आली. अंगणवाडीच्या ताई शिकवतात, आम्ही हजेरी घेतो. त्यात एक मातंग कुटुंबातला मुलगा आहे आणि पहिल्या बाकावर बसतो.

जाणाऱ्यांसाठी

ज्यांना जायचे आहे त्यांनी जरूर जावे. एकदम पैसे निघत नसतील तर आमच्यासारखी भिशी घालावी. पांढरे, साधे, खांदे आणि गुडघे झाकणारे कपडे बरोबर ठेवावेत. बुद्धमूर्तीकडे पाठ करून फोटो काढू नये. तिथे तो अपमान समजतात. त्रिशरण, पंचशील घरीच पाठ करून जावे, दुभाष्या लागणार नाही. विहाराबाहेर सहा रंगांचा ध्वज दिसेल. आपल्या वस्तीवर फडकतो तोच. तो १८८५ साली कोलंबोतच प्रथम फडकला, हे मुलांना सांगावे. जमल्यास अनुराधपूरचा महाबोधी पाहावा. नागपूरच्या दीक्षाभूमीवरचा बोधिवृक्ष भदंत आनंद कौसल्यायन यांनी तिथल्याच फांद्या आणून लावला. संघमित्रेने नेलेले झाड बावीसशे वर्षांनी आपल्याकडे परत आले, ते असे.

आणि शेजारच्या कोणी फुलांचे तबक पुढे केले, तर मागे सरकू नये. हात लावावा. आपले तबक असेल तेव्हा तेही पुढे करावे, लंकेतच नव्हे, इथेही. आणि करताना समोरच्याची पोटजात विचारू नये.

मावशींनी नातवासाठी लंकेहून काही आणले नाही. पण परवा त्यांनी त्याच्या लग्नाची जाहिरात आमच्याकडे लिहून घेतली. शिक्षण लिहिले, नोकरी लिहिली, धर्म बौद्ध लिहिला. पुढच्या रकान्यापाशी आमचा पेन थांबला. त्या म्हणाल्या, 'तितं रेघ मारा.' आम्ही रेघ मारली. ती जाहिरात पुढच्या अंकात येईल.

नमो बुद्धाय! जयभीम!